नाव प्रत्येकीचं, पत्ता सगळ्यांचा

मैत्रिणींनो,

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मुरबाड तालुक्यातल्या एका पाड्यावरून फोन आला. फोन करणारी आपल्या गटातली जुनी, जाणती कार्यकर्ती. आवाजात राग होता आणि थोडं हसूही. म्हणाली, "ताई, आपल्या पत्रकावर जो पत्ता छापलाय ना, त्या पत्त्यावर पत्ते निघतायत! तीन पानी जुगार. नातवाने मोबाइलवर उघडून दाखवला. त्या पोरीला मी तेच पत्रक दिलंय. आता तिला काय सांगू?"

ती पोर म्हणजे सासरी मार खाऊन माहेरी आलेली एक तरुण मुलगी. पत्रक आपलंच होतं. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा काय सांगतो, संरक्षण अधिकारी कुठे भेटतो, तक्रार कशी लिहायची, हे सारं त्यात थोडक्यात होतं आणि खाली लिहिलं होतं, 'अधिक माहितीसाठी आमची वेबसाइट पाहा.' तिने पाहिली असती तर रंगीत पत्ते, नाणी आणि 'आत्ताच खेळा' असं लुकलुकणारं बटण दिसलं असतं. सुदैवाने तिच्याकडे फोनच नव्हता. ज्या गोष्टीबद्दल आपण एरवी हळहळतो, ती त्या दिवशी कामी आली!

शोध घेतला तेव्हा कळलं की कुणी हल्ला केला नव्हता, काही चोरलं नव्हतं. आपणच बेसावध होतो. काही वर्षांपूर्वी एका उत्साही स्वयंसेवकाने हौसेने आणि फुकट वेबसाइट करून दिली. नाव नोंदवलं ते त्याच्या स्वतःच्या नावावर, त्याच्या स्वतःच्या ईमेलवर. पुढे तो नोकरीसाठी परराज्यात गेला, ईमेल बदलला. दरवर्षी भरायची नोंदणी फी भरा म्हणून सूचना आल्या, त्या त्याच्या जुन्या पेटीत पडून राहिल्या. मुदत संपली, नाव बाजारात मोकळं झालं आणि कुणीतरी ते विकत घेतलं. त्या मुलाचा यात दोष नाही. त्याने दिलं ते मनापासून दिलं. दोष आपला, की घर बांधलं, दारावर पाटी लावली, भिंतीभिंतीवर पत्ता रंगवला आणि घर कुणाच्या नावावर आहे हे एकदाही विचारलं नाही.

गावोगावच्या बायकांना आपण काय विचारत आलो? "घर कुणाच्या नावावर आहे? सातबारावर तुझं नाव आहे का?" १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, बायकोच्या नावावर जमीन करून द्या म्हणून शेतकऱ्यांना आवाहन केलं. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली, केंद्राने २००५ मध्ये. या साऱ्यावर आपण शिबिरं घेतली, पथनाट्यं केली. आणि आपल्या स्वतःच्या वेबसाइटचा सातबारा मात्र एका पोराच्या नावावर ठेवून मोकळ्या झालो.

या धक्क्यानंतर शहापूर आणि मुरबाडमधल्या आम्ही पाच लहान गटांनी एकत्र बसून एक निर्णय घेतला. पाचही गटांच्या वेबसाइट एकाच भाड्याच्या सर्व्हरवर, एकाच पत्त्यावर ठेवायच्या. या निर्णयामागचा विचार, त्यातले फायदे आणि धोके, दोन्ही तुमच्यापुढे मांडावेत म्हणून हे संपादकीय.

आधी हे प्रकरण काय आहे ते साध्या भाषेत समजून घेऊ. कारण 'ते तांत्रिक आहे, पोरं बघतील' असं म्हणून आपण जे जे सोडून देतो, त्याचा ताबा दुसऱ्याकडे जातो.

वेबसाइट म्हणजे शेवटी कागदपत्रांचं एक कपाट. ते कपाट चोवीस तास चालू असणाऱ्या एखाद्या संगणकावर ठेवावं लागतं. त्या संगणकाला म्हणायचं सर्व्हर. इंटरनेटवरच्या प्रत्येक सर्व्हरला आकड्यांचा एक पत्ता असतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून आपण नाव घेतो. त्या नावाला डोमेन म्हणतात. नाव टाकलं की कोणत्या आकड्याच्या पत्त्यावर जायचं हे सांगणारी एक जगभर पसरलेली नोंदवही आहे. म्हणजे नाव वेगळं, पत्ता वेगळा. हे एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं सारं सोपं आहे.

सुरुवातीला प्रत्येक नावाला स्वतंत्र पत्ता लागे. पण जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते आहेत सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. जगाची लोकसंख्या त्याहून कितीतरी जास्त. एप्रिल २०११ मध्ये आपल्या आशिया-पॅसिफिक भागासाठी पत्ते वाटणाऱ्या संस्थेचा सर्वसाधारण साठा संपला. नवे, लांबलचक पत्ते निघाले आहेत, पण जुन्यांवाचून अजूनही भागत नाही. टंचाई आली की वाटून घ्यावं लागतं, हे आपल्याकडच्या बाईला कुणी शिकवायला नको.

वाटून घेण्याची युक्ती मात्र टंचाईच्या आधीच निघाली होती. जानेवारी १९९७ मध्ये ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याचे जे नवे नियम प्रसिद्ध झाले, त्यात असं ठरलं की ब्राउझरने पत्त्यावर पोचल्यावर 'मला अमक्या नावाकडे जायचंय' असंही सांगायचं. मग एकाच पत्त्यावर पाच काय, पाचशे नावं नांदू शकतात. सर्व्हर नाव ऐकतो आणि त्या नावाचं कपाट उघडतो. कुलूपबंद, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येऊ नये अशा, वेबसाइटसाठी हीच सोय २००३ च्या नियमांत आली. आणि ते कुलूप फुकट देणारी एक ना-नफा सेवा २०१५ च्या अखेरीस सर्वांसाठी खुली झाली.

यात नवल ते काय? आपल्यातल्या किती गटांची सुरुवात 'द्वारा' या एका शब्दाने झाली ते आठवा. कार्यालय नाही, भाडं परवडत नाही. मग पत्रव्यवहारासाठी पत्ता द्यायचा 'द्वारा अमुक ताई, शहापूर'. एकाच घरी बचत गटाची, महिला मंडळाची, जंगल हक्काच्या कामाची पत्रं यायची. पोस्टमन एकाच दारात सगळं टाकायचा आणि घरातली बाई नाव वाचून ज्याचं त्याला पोचवायची. एका पत्त्यावर अनेक वेबसाइट ठेवणं म्हणजे हेच. सर्व्हर ही ती घरातली बाई. फरक इतकाच की तिने पत्रं उघडून वाचायची नाहीत, आणि एकीचं पत्र दुसरीच्या हाती द्यायचं नाही.

आता कुणी विचारेल, एवढं सगळं कशाला? व्हॉट्सॲप आहे, फेसबुक आहे, फुकट आहे. प्रश्न रास्त आहे. आमचंही निम्मं काम व्हॉट्सॲपवरच चालतं आणि चालेल. पण फुकटच्या घराला आपला दरवाजा नसतो. जिओसिटीज ही फुकट वेबसाइट देणारी मोठी सेवा ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाली. आपल्या देशात घराघरांत पोचलेलं ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये गेलं. याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये मिटले. एकेकाळी देशभरातल्या कितीतरी संघटना आपापसातला पत्रव्यवहार तिथेच करत. ज्यांनी वेळेत प्रती काढून ठेवल्या त्यांचं वाचलं, इतरांची वर्षानुवर्षांची चर्चा, ठराव, भांडणं, सारं गेलं. कुणी सूड म्हणून बंद केलं नाही. मालकाला परवडेना, एवढंच. भाडेकरूला मालकाचा हिशेब कधी सांगतात का?

शहापूरच्या बायकांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तानसा धरण १८९२ चं. पुढे भातसा झालं. मुंबईला रोज मिळणाऱ्या पाण्यापैकी निम्म्याच्या आसपास एकट्या भातसाचं. आणि त्याच शहापूर तालुक्यातले कितीतरी पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. पाणी आपल्या रानातलं, चावी दुसऱ्याच्या हातात. आपल्या अनुभवांचं, आपल्या लढ्यांच्या कागदपत्रांचंही असंच होऊ द्यायचं का, हा खरा प्रश्न आहे.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावची आजीबाईंची शाळा तुम्हाला ठाऊक असेल. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी ती सुरू झाली. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी लुगड्यांत, दप्तर घेऊन शाळेत आल्या. देशोदेशींच्या वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी त्यांचे फोटो दाखवले. फार आनंदाची गोष्ट. पण आनंदाबरोबर मनात येतं, आपल्या तालुक्यांतल्या बाईची गोष्ट जगाला दिसते ती दुसऱ्याने निवडलेल्या चौकटीतून. ती कधी काढून टाकायची, तिच्या शेजारी कसली जाहिरात लावायची, हे ठरवणारेही दुसरेच. आपली गोष्ट आपल्या शब्दांत, आपल्या नावाच्या जागी, आपल्याला वाटेल तोवर राहावी, एवढं मागणं फार नाही.

त्याच तालुक्यातलं धसई गाव डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालं. दुकानांत कार्डाची यंत्रं आली, मंत्री आले, कॅमेरे आले. नवं तंत्र खेड्यात येतं ते बहुतेक वेळा असं वरून, समारंभाने येतं. ते कसं चालतं, बंद पडलं तर कुणाला विचारायचं, त्याची चावी कुणाकडे, याची चर्चा समारंभात होत नाही. म्हणून ती आपण आपल्या बैठकीत करायची.

मग प्रत्येक गटाने आपला स्वतंत्र सर्व्हर का घेऊ नये? कारण स्वतंत्र सर्व्हर घेणं सोपं, सांभाळणं कठीण. त्यावरचे प्रोग्राम वेळच्या वेळी अद्ययावत करावे लागतात, नाहीतर कुठून तरी घूस शिरते. प्रती काढाव्या लागतात. रात्री बंद पडला तर कुणीतरी बघावं लागतं. आपल्या गटांत हे जाणणारी एखादीच असते, तीही पगारावर नसते. पाच गटांनी मिळून एक सर्व्हर घेतला तर भाडं पाचात वाटलं जातं. पण त्याहून मोलाचं म्हणजे शिकणं वाटलं जातं. आज आमच्यात तिघीजणी हे काम करू शकतात. त्यातली एक खर्डीजवळची, बारावी झालेली, घरी शिलाईकाम करणारी. पहिल्या दिवशी ती म्हणाली होती, "बिघडलं तर?" आता तीच म्हणते, "बिघडलं तर कालची प्रत आहे ना!"

इथे थोडी जुनी आठवण जागवते. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बीजिंगची चौथी जागतिक महिला परिषद भरली. तिथे जमलेल्या हजारो स्त्रियांना ईमेल आणि इंटरनेटची सोय करून दिली ती वेगवेगळ्या देशांतल्या सुमारे चाळीस स्त्रियांच्या एका तुकडीने. प्रगतीशील संपर्कसंस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या या कार्यकर्त्या. यंत्रं बायकांनी मांडली, बायकांनी चालवली आणि बायकांना शिकवली. तेव्हा 'हे आपलं क्षेत्र नाही' असं कुणी म्हणू नये. आपण त्यात पहिल्यापासून आहोत.

आता धोक्यांकडे वळते. सामायिक घराचं कौतुक करणाऱ्यांनी सामायिक घरातली भांडणंही सांगायला हवीत.

पहिला धोका बदनामीचा. आमच्या पाचांपैकी एका गटाच्या ईमेलचा पासवर्ड फारच सोपा होता. कुणीतरी तो ओळखला आणि त्या खात्यावरून रातोरात ढिगाने जाहिराती पाठवल्या. परिणाम काय? जगभरच्या ईमेल सेवा पत्त्याची पत बघतात. आमचा पत्ता काळ्या यादीत गेला आणि पाचही गटांची पत्रं लोकांच्या कचऱ्याच्या पेटीत जाऊ लागली. एका गटाने देणगीदाराला पाठवलेला अहवाल पोचलाच नाही. बैठकीत आवाज चढले. "चूक त्यांची, भोगायचं आम्ही का?" चाळीत एका खोलीतलं पाणी वाहिलं की खालच्या खोलीत गळतं, तसंच हे.

दुसरा धोका घुसखोरीचा. एका वेबसाइटला भोक पडलं आणि आतल्या भिंती कच्च्या असतील, तर चोर शेजारच्या खोलीत जातो. म्हणून पत्ता एक असला तरी प्रत्येक वेबसाइटचं खातं स्वतंत्र, किल्ली स्वतंत्र आणि दुसऱ्याच्या कपाटाला हात लावायची परवानगी नाही, अशी रचना हवी. सर्व्हरवर हे करता येतं. आळसापायी केलं जात नाही.

तिसरा धोका बंदीचा, आणि तो सर्वांत गंभीर. सप्टेंबर २००३ मध्ये केंद्र सरकारने याहू ग्रुप्सवरचा मेघालयातल्या एका संघटनेचा एक गट बंद करण्याचा आदेश दिला. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना नेमका तो गट वेगळा काढता आला नाही, म्हणून त्यांनी पत्ताच अडवला. देशभरातले याहूवरचे सारे गट, स्वयंपाकाचे, शाळांचे, आजारांबद्दलचे, एका फटक्यात बंद. जुलै २००६ मध्ये मुंबईच्या लोकलमधल्या बॉम्बस्फोटांनंतर पुन्हा तेच झालं. वीसच्या आसपास पानं अडवायचा आदेश निघाला आणि कंपन्यांनी ब्लॉगस्पॉटसारख्या अख्ख्या वसाहतीच अडवल्या. स्फोटांनंतर मुंबईकरांना एकमेकांची खबर मिळावी म्हणून लोकांनी चालवलेलं पानही त्याच वसाहतीत होतं. मदत करणारं पान मदतीच्याच दिवसांत बंद!

आज परिस्थिती बदलली आहे. आता नावावरून नेमकी वेबसाइट अडवता येते. पण अडवण्याचे अधिकारही वाढले आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६९ अ हे कलम ऑक्टोबर २००९ पासून अमलात आहे, आणि त्याखालच्या नियमांत तक्रार आणि कारवाई गुप्त ठेवण्याची तरतूद आहे. धरण, खाण, जंगल, पोलीस, अशा विषयांवर लिहिणाऱ्या गटांनी हे गृहीत धरूनच चालावं. आणि त्यांच्याबरोबर एका पत्त्यावर राहणाऱ्या बचत गटानेही ते जाणूनबुजून, विचार करून स्वीकारावं. आमच्या बैठकीत हा प्रश्न आला तेव्हा एका बचत गटाची अध्यक्ष जे म्हणाली ते सांगण्यासारखं आहे: "मोर्चात आपण एकत्र बसतो तेव्हा पोलीस कुणाला उचलतील ते माहीत असतं का? मग इथे कशाला घाबरायचं? फक्त आधी सांगा, म्हणजे झालं." 'आधी सांगा' हे तिचे दोन शब्द म्हणजे आमच्या साऱ्या कराराचा पाया.

तर तो करार. कुणी वकिलाने केलेला नाही. दोन बैठकांत, चहाच्या तीन फेऱ्यांत, वहीच्या दोन पानांवर लिहिला. तुमच्या उपयोगी पडेल म्हणून त्याचा गाभा देते.

एक. नाव प्रत्येक गटाचं स्वतःचं आणि ते संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेलवर नोंदवलेलं. कुणा ताईच्या, कुणा दादाच्या नावावर नाही. फी भरायची तारीख ऑडिटच्या तारखेशेजारी लिहून ठेवायची आणि दोघींनी लक्षात ठेवायची. ज्यांना मराठीतच नाव हवं त्यांच्यासाठी ऑगस्ट २०१४ पासून '.भारत' अशी देवनागरी नोंदणीही सुरू झाली आहे.

दोन. सर्व्हरची मुख्य किल्ली तिघींकडे, तिन्ही वेगवेगळ्या गटांतल्या. कुणी काम सोडलं की त्याच आठवड्यात किल्ली बदलायची. यात अविश्वास नाही. आपण बचत गटाची पेटीही एकीकडे आणि तिची चावी दुसरीकडे ठेवतोच ना?

तीन. दर महिन्याला प्रत काढायची आणि ती सर्व्हरच्या बाहेर, दुसऱ्या गावी ठेवायची. वर्षातून एकदा त्या प्रतीवरून वेबसाइट खरोखर उभी करून पाहायची. न उघडलेली प्रत म्हणजे न मोजलेलं धान्य.

चार. खर्च ऐपतीप्रमाणे, मत मात्र एकेक. जास्त पैसे भरणाऱ्या गटाला जास्त अधिकार नाहीत.

पाच. कुणाविरुद्ध तक्रार किंवा नोटीस आली तर चोवीस तासांत पाचही गटांना कळवायचं. शेजाऱ्यांना घाबरून कुणाचं पान परस्पर काढायचं नाही. आधी बोलायचं.

सहा. ज्या गटाला वेगळं व्हायचं असेल त्याने आपलं नाव आणि आपलं सारं सामान घेऊन खुशाल जावं. अडवायचं नाही, पैशासाठी अडकवायचं नाही.

सात. पीडित बाईचं नाव, गाव, फोटो, केसचे कागद यातलं काहीही या सर्व्हरवर ठेवायचं नाही. कुलूप कितीही चांगलं असलं तरी नाही. सामायिक घरात सर्वांना उपयोगी ते ठेवावं, एकीचं गुपित ठेवू नये. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला आहे. पण कायदा नसता तरी आपला नियम हाच असता.

या सातव्या कलमाला जोडून एक सावधगिरीची सूचना. कुलूपबंद वेबसाइटवर कुणी काय वाचलं ते मधल्या कंपनीला दिसत नाही, पण कोणत्या नावाच्या वेबसाइटवर गेली ते बहुधा दिसतं. त्याहून मोठा धोका घरातला. पाड्यावरच्या बाईचा फोन बहुधा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो, आणि ती काय पाहत होती ते फोन लक्षात ठेवतो. म्हणून मदतीच्या पानावर पहिल्याच ओळीत हे सांगा, आणि १८१ व ११२ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत द्या. फोन करायला वेबसाइट लागत नाही.

सहाव्या कलमाबद्दल थोडं अधिक बोलते, कारण मला ते सर्वांत जवळचं वाटतं. आपल्याकडे मुलगी घर बदलते तेव्हा तिचं नाव बदलतं. आडनाव तर जातंच, काही घरांत तांदळात अंगठीने नवं नावही लिहितात. माहेरी तिला शोधत आलेल्या शाळेतल्या मैत्रिणीला ती त्या नावाने सापडत नाही. इंटरनेटवर उलटं करता येतं. नाव आपल्या मालकीचं असेल तर घर कितीदा बदला, सर्व्हर बदला, पत्ता बदला, शोधणारीला आपण त्याच नावाने सापडतो. आमचं जुनं नाव गेलं ते कायमचं गेलं. सरळगावच्या भिंतीवर रंगवलेलं ते नाव आम्ही स्वतःच्या हाताने चुना लावून पुसलं. फार वाईट वाटलं. म्हणून हा नियम.

शेवटी एका टीकेला उत्तर द्यायलाच हवं. एका जुन्या सहकाऱ्याने मला विचारलं, "कातकरी बायका दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, पोरं शाळेबाहेर, दाव्यांच्या फायली धूळ खात पडल्यात, आणि तुम्ही सर्व्हरचं काय घेऊन बसलात?" मला हा प्रश्न टाळायचा नाही. सर्व्हरने भट्टीवरची उचल फिटत नाही. पण याच भागात वनहक्काच्या दाव्यांवर काम करताना काय दिसतं? शहापूर तालुका सारा आणि मुरबाडमधली काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. २००६ चा वनहक्क कायदा, पेसाचे २०१४ चे राज्याचे नियम, ग्रामसभेचे ठराव, यांचे कागद ज्याच्याकडे त्याचं म्हणणं खरं ठरतं. २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्याचं विभाजन होऊन पालघर वेगळा झाला. असे फेरबदल झाले की कोणता कागद कुठल्या कार्यालयात, हा प्रश्न उभा राहतो. अशा वेळी ठरावांचा, परिपत्रकांचा, अर्जांच्या नमुन्यांचा साठा आपल्या हाती, कुणालाही वाचता येईल असा असणं ही चैन नाही. एका पाड्याने लिहिलेला चांगला अर्ज दुसऱ्या पाड्याला त्याच संध्याकाळी मिळावा, त्यासाठी कुणा साहेबाच्या कपाटाची किल्ली लागू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

तेव्हा या अंकासोबत तुमच्याकडे एकच काम सोपवते. तुमच्या गटाची वेबसाइट असेल तर पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहा. नाव कुणाच्या नावावर आहे? मुदत कधी संपते? किल्ली कुणाकुणाकडे आहे? तिन्हींची उत्तरं बैठकीतल्या किमान दोघींना देता आली नाहीत, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला फोन त्यासाठी करा. वेबसाइट नसेल आणि हवी असेल तर आमच्या सर्व्हरवर आणखी दोन-तीन गटांपुरती जागा आहे. अट एकच, तुमच्यातल्या दोघींनी शहापूरला दोन दिवस येऊन स्वतः शिकायचं. मुलगा पाठवतो, भाचा पाठवतो, असं चालणार नाही.

ती तरुण मुलगी आता कुठे आहे, असं तुम्ही विचाराल. तिने वेबसाइट कधीच पाहिली नाही. पत्रक देणारी आपली कार्यकर्तीच तिच्याबरोबर संरक्षण अधिकाऱ्याकडे गेली, हात धरून, दोन एसटी बदलून. खरा आधार तोच, आणि तोच राहणार. पण कार्यकर्ती प्रत्येक पाड्यावर नसते. जिथे ती नाही, तिथे छापलेल्या पत्त्यावर निदान आपली माणसं भेटावीत.

तुमच्या पत्रांची वाट पाहते. पत्ता तोच आहे. नाव मात्र स्पष्ट लिहा!

आपली,
संपादक